आखूड तुरा

खानापूरच्या बाजारात मल्लव्वा म्हणाली,
"कोळी बेकेन्री?"
माझ्या मराठी कानांना आधी जाळंच दिसलं,
आठ पायांचं.
मग तिनं डालगं उघडलं.

मी भुलले पांढरीवर,
तुरा तिचा जास्वंदीएवढा.
"गार वारं तिथंच चावतंय,"
म्हणत मल्लव्वानं करडी उचलली,
पिसांत उलटी फुंकर मारली:
आत लव, राखेसारखी दाट.
तुरा म्हणावा तर नखाएवढा.
"जांबोटीला नेतीस न्हवं? हीच ने."

दोन नेल्या.

पहिल्या रात्री झोप मलाच नाही.
चारला, धुक्यात बॅटरी धरून,
पोतं घेऊन गेले पांघरायला.

करडीनं एक डोळा उघडला,
मिटला.

पोतं मीच ओढून घेतलं
आणि बसले खुराड्याला टेकून,
दात वाजवत.