छाट

हत्तुरे सर पहिल्या दिवशी म्हणाले,
कॅमेऱ्याला कुणी हात लावू नका.
खिडकीत बसा, उजेड कुठून येतो ते वहीत लिहा.
मी लिहिलं : वरून.
सोलापुरात, मे महिन्यात,
दुसरीकडून कुठून येणार म्हणा.

मग शिकवलं :
छिद्र लहान, तर पुढचं-मागचं सगळं लख्ख.
छिद्र मोठं, तर एकच माणूस उरतो
आणि बाकीच्या जगावर साय धरते.
एफ-आठ, एफ-अकरा, सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग.
अशोक चौकापर्यंत रिक्षात हे पाढ्यासारखं म्हणत यायचे,
मांडीवर उधारीचा कॅमेरा
मामय्याच्या कारखान्यातल्या टॉवेलात बांधून,
कुणाला वाटावं भाकरीच आहे.

काढले फोटो.
किल्ल्याचा बुरूज, तळ्यातलं देऊळ,
बंद गिरणीची चिमणी, तिच्यामागं बुडता सूर्य.
सरांनी अकरा बाजूला सारले.
बाराव्यावर बोट ठेवलं, जरा थांबले,
तोही सारला.
"चांगले हायत की. कॅलेंडरवाला घेईल बे."

घरी आई पत्र्याच्या मापानं पानं कापत होती.
मान वर न करता म्हणाली, "किती छाट?"

छाट म्हणजे, हजार विड्या घेऊन गेलं की
तपासणारा मूठभर बाजूला काढतो :
सैल, तिरकी, तोंड न मिटलेली.
त्यांचे पैसे नाहीत.
दिवस मात्र त्यांच्यातही तेवढाच गेलेला.

"बारात बारा."
"अय्यो," आई म्हणाली,
आणि पुढचं पान घेतलं.

रविवारी मामय्याकडं गेले, मागांच्या खडखडाटात.
पाचशेव्या भागावर धोटा हवेत थांबला,
मेलेल्या पाखरासारखा,
वर ट्यूबलाइटच्या काळ्या पट्ट्या आडव्या.
शटर सावकाश केलं, पंधरावा भाग,
भिंतीला पाठ टेकून, श्वास धरून.
धोटा पुसून गेला. माग थरथरला.
मध्ये मामय्या तेवढा स्थिर, मान किंचित कलती.

सर त्या फोटोपाशी बराच वेळ.
"काय करतोय हा?"
ऐकतोय. धागा तुटला की त्याला आवाज येतो.
"कान तिखट दिसतात."
नाही सर. मागांमुळं चाळीस वर्षांत
दोन्ही कानांनी अर्धा बहिरा झालाय.
सर काही बोलले नाहीत.
फोटो ना या ढिगात, ना त्या ढिगात.

त्या रात्री लाइट गेली.
घरकुलातली माणसं ओट्यांवर आली,
पोरं रडली, कुणीतरी महावितरणला शिव्या दिल्या.
आई दारात सूप घेऊन बसली, कट्टे बांधायला.
पंचविसाचा एक कट्टा.
मी कॅमेरा तंबाखूच्या डब्यावर टेकवला,
खाली घडी घातलेला पोलका.
तिनं मोजायला सुरुवात केली तशी बटण दाबलं
आणि दाबूनच धरलं.
ओकटी, रेंडू, मूडू...
घड्याळ नव्हतं. तिच्या तोंडातले आकडेच सेकंद.
मध्ये एकदा जांभई आली तिला,
तेही धरलं.
इरवै अइदु. बोट उचललं.

पडद्यावर आईनं बघितलं.
"माझे हात कुठायत?"
खरंच नव्हते.
सूप होतं, दोरा होता, एक कट्टा आपोआप बांधलेला.
हातांच्या जागी नुसतं धुकं,
लाकडाच्या धुरासारखं.
मी एफ-आठ, अमुक, तमुक सांगायला लागले.
ती तोवर पुढच्या कट्ट्यात.

सोमवारी सरांनी कॅमेरा हातात घेतला, हुंगला.
ब्रशनं बटणाच्या खाचेतली तंबाखू झटकली.
फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.
चांगला म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत.
"उजेड कुठून येत होता?"

समोरच्या लक्ष्मक्काच्या इन्व्हर्टरवरच्या बल्बातून,
तिच्या पत्र्यावर आपटून,
आमच्या उंबऱ्याला लागून,
आईच्या डाव्या गालावर, सर.
उजव्या गालावर कुठूनच नव्हता.

"वही काढ," सर म्हणाले.