सात दशांश बर्फ

सेंट जॉन्सच्या बंदरावर आज ऊन आहे.
आत, दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या खोलीत
मी हवामान तयार करतो.
एक खुंटी फिरवली की धुकं,
दुसरी फिरवली की वायव्येचा वारा.
तिसरीवर आकडे: दशांशात बर्फ.
चारवर ठेवलं तर वाट सापडते.
सातला पाणी म्हणजे नुसत्या भेगा.

काचेपलीकडे सहा हायड्रॉलिक पायांवर
नारिंगी जीवरक्षक नाव डुचमळते,
जमिनीपासून हातभर वर, कोरडी ठणठणीत.

सकाळपासून तिघे झाले.
तिघांनीही वेग घेऊन धडक दिली.
त्यात लेअँडर कीपिंग, ज्याच्या आजाने
सीलमागे तीस वसंत बर्फावर काढले.
पडद्यावर तांबडी ओळ: नावेचं नाक फुटलं.

चौथी डल्सी टिझर्ड,
समुद्रातल्या तेलविहिरीवर आचारीण.
भोंगा वाजला की बावन्न माणसांची नाव तिच्या हाती,
कारण यादीत तिचं नाव त्या ओळीत पडलं.
मी सात दिलं. वर धुकंही दिलं,
थोडं खुनशीपणानेच.

तिने धडक दिली नाही.
नाक हळूच लादीला टेकवलं.
थांबली.
मग रेटलं, तळहाताच्या टाचेने
पावाचं पीठ रेटतात तसं,
आणि लादी, काय सांगू, वळली.
वीतभर. मग हातभर.
भेग उघडली, नाव शिरली, पुढची लादी.

मध्येच हेडफोनमध्ये तिचा आवाज:
"मागे कुणाला उलटी होतेय का?"
मी म्हटलं, मागे कुणी नाही, बाकं रिकामी आहेत.
"ते दिसतंय मला, गस. पण विचारायला नको?"
आणि मान वळवून त्या रिकाम्या बाकांना:
"पट्टे आवळा रे, अजून एक धक्का आहे."

या यंत्रात लाटेची उंची आहे, इंधन आहे, खरचटलेला रंगसुद्धा आहे.
मी एकदा अशा बाकावर होतो. खऱ्या. दहा तास.
सुकाणूवरच्या माणसाने एकदाही मागे पाहिलं नाही.
दोष देत नाही त्याला, आम्ही वाचलो.
पण त्याचा चेहरा आठवत नाही,
पाठ आठवते.

सत्तेचाळीस मिनिटं लागली डल्सीला.
कागदावर मर्यादा पंचवीसची.
नापास लिहायला हवं, लिहिलंही.
मग बाजूला, समासात:
प्रवासी बावन्न, सगळे.
असा रकाना आमच्या कागदावर नाही.

ती जिना उतरून गेली,
खालच्या कँटीनमधलं सूप पाणचट आहे
हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत.