एक माणूस म्हणजे वीस

सान पेद्रोच्या धक्क्यावर होडीवाल्यानं विचारलं,
"पाठीवर काय, घर आहे का?"
मी म्हटलं, अकरा किलो.
त्यानं मान हलवली, महाग भाव ऐकल्यासारखी.

पेत्रोनाबाई नाविचोकच्या घराचा तळमजला
तळ्यात राहतो.
(इथं दोन्या म्हणतात, मी मनात बाई म्हणते.)
वरच्या खोलीचे साठ केत्साल, गरम पाणी नाही.
जिन्याला पायऱ्या एकोणीस, त्यांतल्या कोरड्या सात.
बाकीच्यांवर बोटभर मासे चढउतार करतात,
आणि बुडालेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
एक हिरवा पडदा
वाऱ्यावाचून हलतो.

"काढला का नाही तो?"
माझी स्पॅनिश मोडकी. तिची मायबोली त्सुतुहिल.
त्या भाषेत आम्ही दोघीही भाडेकरू.
ती म्हणाली, "पन्नास वर्षांनी तळं माघारी जातं,
वडील सांगायचे.
जाताना त्याला कळायला नको, घर कुणाचं होतं?"

दुपारी शोकोमिल सुटतो.
समोरचा ज्वालामुखी जागीच असतो, पाणी मात्र पिसाळतं,
होड्या बांधून ठेवतात, दुकानदार जांभया देतात.
पेत्रोनाबाई कमरेला माग बांधून
अंगणात (म्हणजे गच्चीवर, अंगण खाली आहे)
धागे मोजते: हून, काई, ओशी...
विसावर थांबते. हुविनाक.
हु म्हणजे एक. विनाक म्हणजे माणूस.
हाताची दहा बोटं माझ्यापुढे नाचवते,
मग चपला काढून पायांची दहा,
आणि हसते, एवढं सोपं तुला कसं माहीत नाही म्हणून.

आमच्या तालुक्याला गुरांच्या बाजारात
रुमालाखाली बोटं दाबत व्यापारी पुटपुटायचे,
तीन विसा नि पाच.
मी ऐकलं होतं. त्यात माणूस आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
कदाचित तो नसेलही. बैल होता फक्त.

"माझं वय तीन माणसं आणि एक बोट," ती म्हणाली. "तुझं?"
"एक माणूस. आणि चौदा."
तिनं धागा दातानं तोडला.
"दुसरं व्हायचंय अजून."

रात्रभर बस, मग आणखी एक बस,
मग एका पिकअपच्या मागे मक्याच्या पोत्यांवर.
याश्हाच्या जंगलात माकडं अशी डरकाळतात
की आधी पाय पळतात, मग डोकं ओळखतं.
पहारेकरी एलिआस इकाल दगडावर बॅटरी तिरकी धरतो,
तशी धरली की झिजलेले आकडे वर येतात:
ठिपका एक, आडवी रेघ पाच,
शून्याला शिंपला.
आमच्या शाळेत शून्याला पूज्य म्हणायचे.
मी त्याला सांगितलं. तो विचार करून म्हणाला,
"बरोबर आहे. आत कुणीतरी राहत होतं."

देवळाची एक बाजू पायऱ्यांची,
दुसरी अजून टेकडीच. झाडं, माती, मुंग्या.
खणता खणता पैसे संपले म्हणे.
तिथं एका उंच पाहुण्यानं विचारलंच,
हे सगळे लोक एकाएकी गेले कुठं?
एलिआसनं घड्याळ पाहिलं.
"अर्धे दुपारच्या पाळीला येतात."

लाकडी जिन्यानं वर गेले. खाली दोन तळी,
एकाच्या काठाशी मगरीसारखं लाकूड
किंवा लाकडासारखी मगर.
उतरताना पायऱ्या मोजत होते,
एका माणसापर्यंत नीट आले,
पुढं बोटं कमी पडली, कारण एका हातात बाटली होती.

फ्लोरेसच्या अलीकडे रेंज आली.
पेत्रोनाबाईच्या मुलीचा निरोप, एकच शब्द:
सहा.

मी बूट काढले.
अंगठ्याला फोड आलाय, करंगळी सुजलीय,
पण दहाही आहेत. मोजून पाहिली.
शेजारच्या बाईनं आपली पिशवी ओढून घेतली
आणि माझ्या पायांना जागा करून दिली.