चुंबळीवरची पृथ्वी

पृथ्वीगोल आला तेव्हा त्याला पाय होता.
चौथीच्या पोरांनी भारत शोधता शोधता मोडला.
दुसऱ्या दिवशी दुर्वानं घरून चुंबळ आणली,
आईच्या जुन्या पातळाची, हिरवी, कडेला विरलेली.
तेव्हापासून लेंगऱ्याच्या आमच्या शाळेत
पृथ्वी चुंबळीवर बसते.

'पृथ्वी कललेली आहे,' मी सांगते, 'साडेतेवीस अंश.'
अंश त्यांना अजून यायचेत.
'बाई, कमरंवर घागर घेतल्यावर आय कलती, तेवढी?'
मी कधी मोजलं नाही.
हो म्हणाले.

निळं ते सगळं पाणी, असं शिकवते मी,
जिनं समुद्र दोनदाच पाहिला,
त्यातला एकदा सहलीत, पोरं मोजत,
पाठ समुद्राकडं करून.

आज आपापल्या बापाचं गाव शोधायचं होतं.
इथल्या पोरांना शेजारच्या तालुक्यातलं सांगता येत नाही,
पण मदुराई येतं, कटक येतं,
विजयवाड्याची कुठली गल्ली, तेही येतं.
सोनं गाळायला गेलेले बाप,
दिवाळीला येणारे, बोटं तेजाबानं पिवळी झालेले.
मुबीनचा बाप ट्रकवर.
तो नुसता गोल गरकन फिरवतो,
डोळे मिटून बोट टेकवतो:
'आज हितं.'
एकदा टेकलं ते हिंद महासागरात.
कुणी हसलं नाही.

भारत केवढा? माझ्या दोन बोटांएवढा.
मदुराई छापलेलीच नाही, कटकही नाही,
अवधूतनं अंगठा ठेवला की
निम्म्या वर्गाचे बाप झाकले जातात.
'ए, बोट काढ की, माझं पपा दिसंनात.'

'आत काय असतं, बाई, पृथ्वीच्या?'
'खोल आत तापून वितळलेलं.'
'म्हंजे मूस,' अवधूत म्हणाला,
उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाच्या भट्टीपाशी बसून आलेला.
'पर लाल नसतं बाई, पांढरं असतं.
लय येळ बघायचं नसतं.'
पुस्तकात चित्र लालच आहे.
मी फळ्यावर खडू फिरवला,
पांढराच होता हातात.

मग खिडक्यांना सतरंज्या लावल्या,
मोबाईलची बॅटरी सूर्य झाली,
आणि मी हळूहळू फिरवत नेली पृथ्वी,
पश्चिमेकडून पूर्वेकडं.
देवयानी गुडघ्यांवर बसून बघत होती
गुवाहाटी, जिथं मी पेन्सिलीनं ठिपका दिला होता.
ठिपका काळोखात गेला.
आमचं गाव अजून उजेडात.
'पुन्यांदा,' ती म्हणाली.
पुन्हा तेच.

'मग पपांकडं आदी रात हुती?'
'सतरा रेखांश, गुणिले चार.
अडुसष्ट मिनिटं आधी.'
घड्याळ तेच गं, पण दिवस लवकर मावळतो.

तिनं वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या.
'तरीच. फोनवर सारखं जांभया देत्यात.
मला वाटायचं, मी बोलल्यालं आवडत न्हाई.'

घंटा झाली. सतरंज्या निघाल्या.
उन्हानं सगळ्यांचे डोळे बारीक झाले.
चुंबळ मळली होती, दुर्वा धुवायला घेऊन गेली,
म्हणून आजच्या रात्रीपुरती
पृथ्वी कपाटावर ठेवलीय,
घरंगळू नये म्हणून
दोन बाजूंनी दोन डस्टर लावून.