कूलरच्या विटेखाली

दसरा होऊन पाच दिवस झाले,
तरी ऊन चैत्राचं सोंग घेऊन
दिघोरीच्या गच्च्यांवर बसलंय.
रत्नमाला म्हणते, कूलर काढा आता,
खिडकी मोकळी करा, दिवाळीचा रंग द्यायचाय.
मी म्हणतो, काढतो.
आणि काढत नाही.

कूलरच्या स्टँडखाली चार विटा आहेत.
मार्चपासून ठिबकणारं टाकीचं पाणी,
मग पावसाचं, मग या उकाड्यात पुन्हा टाकीचं
पिऊन पिऊन
त्यातली कोपऱ्यातली वीट हिरवी झाली आहे.
पलीकडे कोर्टात अडकलेला रिकामा प्लॉट,
तरोट्याच्या वाळत्या शेंगा,
आघाडा, जो पँटला चिकटून घरात येतो,
आणि त्या सगळ्या कोरडेपणात
ओल फक्त एवढीच, तळहाताएवढी.

एकतीस वर्षं मी प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये
बरण्या पुसल्या.
तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा,
फीतकृमी आणि उडता सरडा यांच्या मधे
तो असायचा. सॅलॅमँडर.
निळ्या शाईचं लेबल, पाय चार, शेपटी एक,
रंग फॉर्मलीननं केव्हाच पिऊन टाकलेला.
काचेला नाक लावून पोरं विचारायची,
भाऊ, हा असा पांढराच असतो का?
मॅडमला विचार, मी म्हणायचो.
डोंगरवार मॅडम म्हणायच्या, काळा असतो,
अंगावर पिवळे ठिपके, हळद सांडल्यासारखे,
ओल्या पानांखाली राहतो,
पानं गळायला लागली की रात्री फिरायला निघतो.
मग चष्मा काढून, जरा हळू:
आपल्याकडे नाही पण.
हिमालयाच्या इकडे नाही.

ते 'नाही पण' माझ्यासोबत रिटायर झालं.

शेवटच्या दिवशी कपाटाला कुलूप लावायच्या आधी
मी बरणी थोडी हलवली होती.
तो डोलला. म्हणजे पाणी डोललं.
हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

आज सकाळी सात वाजता, ऊन तापायच्या आधी,
वीट उचलली.
आधी गांडूळ, मग एक बेडूक, झोपमोड झालेला,
सरकारी कचेरीतल्यासारखा माझ्याकडे पाहून
पुन्हा मातीत सरकला.
आणि त्याच्या मागे ती.
तांब्याच्या तारेला पाय फुटावेत तशी,
कुशीला काळी पट्टी,
शेपटी अंगाहून लांब.

कुंपणावरून लाखे काकू ओरडल्या,
अगं बाई, सापाची मावशी!
मारा तिले, चाटली तरी माणूस मरते.
झाडू त्यांच्या हातात तयारच होता.
मी म्हटलं, काकू, तीस वर्षं हेच काम केलं,
मेलेलं लय पाहून झालं.

शेजारचा सुगत शाळेच्या बुटांतच पळत आला,
एका बुटाची लेस सुटलेली.
त्याला मी बरणीची गोष्ट सांगून ठेवली आहे,
म्हणून धापा टाकत: काका, सॅलॅमँडर?
नाही रे. सापसुरळी.
मग फरक काय?
त्याचं अंग ओलं, हिचं कोरडं.
तो बेडकाच्या घरचा, ही पालीच्या.
सुगतनं ओणवं होऊन विचार केला.
पण थोडा तरी आहे ना?
मी पाहिलं. खरंच पाहिलं.
शेपटीपुरता आहे, म्हणालो.

ती हलली नाही.
गळ्याखाली कातडी धडधडत होती,
शिलाई मशीनवर बारीक कापड धावावं तशी.
मग तिनं पापणी मिटली
आणि उघडली.

एकतीस वर्षं मी एका डोळ्यासमोर
फडकं फिरवत होतो.

सुगत म्हणाला, लेबलवर काय लिहायचं?
मी वीट परत ठेवली, जशी होती तशी,
एका बाजूनं बोटभर फट सोडून.
व्हॅनचा हॉर्न वाजला, तो पळाला,
लेस तशीच लोंबत.

आतून रत्नमालाचा आवाज:
झाला का काढून कूलर?

ओला आहे अजून, मी म्हणालो.
वाळू दे.
आणि नळाखालचा मग भरून
कुणी बघत नाही असं पाहून
विटेवर ओतला.