दहापैकी चार

एकतीस वर्षं मी नदीला बोलताना तपासलं,
लाल पेनने, सहामाहीला, मग पुन्हा वार्षिकला.
'मी नदी बोलतेय' म्हणायची आणि बोलत सुटायची,
सदाशिव पेठेत शिकल्यासारखं शुद्ध:
गिरिशिखरी माझा जन्म, खळाळत मी निघाले,
तहानलेल्यांची मी माउली, शेवटी सागराला अर्पण.
मुठा संगमावर मुळेला मिळते,
सागर तिने बघितलेला नाही,
हे मीही कधी समासात लिहिलं नाही.
वर्गाच्या खिडकीतून ती दिसायची.
वासामुळे आम्ही खिडकी लावून घ्यायचो
आणि मग निबंध सुरू करायचो.

आठवी ब. रेवण ढावरे, दत्तवाडी.
त्याची नदी बोललीच नाही.
त्याने लिहिलं होतं:

धरणातून पाणी सोडलं तेव्हा नदी आमच्या घरी आली.
येताना दुसऱ्यांच्या चपला घेऊन आली.
कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यापर्यंत चढली,
तिथे ताईचं हॉलतिकीट होतं.
दीड दिवस राहिली. काही बोलली नाही.
ती गेल्यावर आईने भिंतीवरची रेघ घासली, पण जाइना.
मागच्या दिवाळीला मी नदीएवढा झालो.

खाली माझं अक्षर:
आत्मवृत्त प्रथमपुरुषी असते. कल्पनाविलास कमी.
'जाइना'तली इ दीर्घ केली.
दहापैकी चार.

आता निवृत्त. सकाळी विठ्ठलवाडीच्या खाली
घाटाच्या पायरीवर वही घेऊन बसते,
म्हटलं, एक तरी कविता नदीवर व्हावी.
'खळाळत' पहिल्यांदा आलं, येणारच. खोडलं.
'माउली' खोडताना हात जरा अडला.
मग बराच वेळ काहीच नाही,
नुसता पुलावरचा हॉर्न, आणि नाल्याच्या फेसात
गुलाबी काटक्यांवर उभे शेकाटे,
इतके नीटनेटके, की उपमा तोंडाशी आली.
गिळली.

समोर पाण्यात पाय सोडून एक झाड.
त्याच्या बेचक्यात दुधाची पिशवी अडकलेली,
माझ्या डोक्याच्याही हातभर वर.
तिथे ती कुणी ठेवली, हे कळायला
मला दोन दिवस लागले.

झाडाचं नाव वैरण कापायला आलेल्या अनसूयेने सांगितलं.
'वाळुंज. बाई, तुम्ही मराठीच शिकवायचा ना?'
विळा थांबला नाही तिचा.
मी लिहून घेतलं: वाळुंज.
या नदीविषयीचा माझ्याकडचा पहिला खरा शब्द,
तोही उसना.

रेवण आता कुठे असेल? तिशीचा असेल.
उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या, रद्दी कुठे गेली ठाऊक नाही.
ते चार गुण कुठल्या कागदावर बदलतात,
हे शाळेत विचारायला गेले तर
कारकून चहा मागवेल, एवढंच.

आज मी चपला काढून पाण्यात उतरले.
घोट्याला काहीतरी मऊ लागलं, खाली बघितलं नाही.
वाळुंजाला पाठ लावून उभी राहिले,
भिंतीशी पोरं उभी राहतात तशी, टाचा टेकवून,
डोक्यावर पेन्सिल आडवी धरली
आणि सालीवर खूण केली.
पिशवी अजून हातभर वरच.

तेवढ्यात मागून अनसूया ओरडली,
'बाई, सरका तिकडं, म्हस पाण्यात जातीया!'

सरकले.
वहीवर शिंतोडे उडाले.