घसारा वजा न करता

संमतीपत्राची मुदत संपायला एकसष्ट दिवस,
आणि सल्लागार चेतन हिरेमठ फोनवर सांगतो,
"मॅडम, भांडवली गुंतवणूक मूळ किमतीनं धरायची.
घसारा वजा करायचा नाही."

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी शिकले ते नेमकं उलटं.
आमच्या ताळेबंदात आप्पांची कपोला भट्टी
दरसाल थोडी थोडी वितळत
आता एक रुपयावर आलीय.
मंडळाच्या अर्जात मात्र ती अजून कोरी करकरीत,
बेळगावच्या ट्रकमधून आत्ताच उतरतेय
आणि उद्यमनगरातली पोरं बघायला जमलीत.

मूळ बिल सापडलं लोखंडी कपाटात,
पर्युषणाच्या जुन्या पत्रिकांखाली.
एक लाख बारा हजार, सत्त्याऐंशी सालचे.
आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"एवढंच व्हय? मला तर लई पडली होती."

मग मी यादी करायला बसले.
शुल्क पाच वर्षांचं एकदम.
धुराड्याची तपासणी; प्रयोगशाळेचा पोरगा
शिडीला भ्यायला, हिंदुराव चढला,
त्याचे वेगळे दोनशे.
जळकी वाळू न्यायला ट्रॉली, तिची पावती, पावतीची झेरॉक्स.
बँक हमी, म्हणजे पैसे आपलेच
पण आपण शब्द पाळतो का ते बघत
तिकडं जाऊन बसलेले,
लग्नात रुसलेल्या मामासारखे.
हिरेमठ स्वतःची फी सांगत नाही. "द्या की समजून," म्हणतो,
आणि समजून दिलं की कमी पडतं.
शेवटी बॅग फिल्टर. साडेचौदा लाख.

ह्या आकड्याला आप्पा जेवताना थांबले,
भाकरीचा तुकडा तसाच हातात.
"धूर धरून ठेवायला साडेचौदा लाख?
सोडायला तर फुकट हुता."

फुकट.
रात्री मी त्या शब्दाचं व्हाउचर शोधत राहिले.

शिरोलीत आमच्या फाटकासमोर लाकुळे मावशींचा चहाचा गाडा.
चारला भट्टी पेटते.
पावणेचारला मावशी दुधावर ताट झाकतात,
ताटावर ओला फडका,
फडक्यावर वजन म्हणून
आमच्याच साच्यातून फसलेलं एक बेअरिंग हाउसिंग.
एकोणीस वर्षं.
सोमवारची सुट्टी सोडून रोज एक फडका धुवायचा म्हटला,
साबण, बादलीभर पाणी…
कॅल्क्युलेटर काढला
आणि परत ठेवला.
इलाही मुल्लाणींचा खोकला कुठल्या खात्यावर टाकायचा?
साचे करताना ते आधी खोकून घेतात,
मग श्वास धरून वाळू दाबतात,
म्हणजे कड मोडत नाही.
अर्ज सव्वीस पानांचा आहे. तसा रकाना नाही.

मी तत्त्वाचं काही बोलले नाही.
पतसंस्थेचं कर्ज काढलं, सही केली, पद्मजा मगदूम, भागीदार.

दिवाळीनंतर फिल्टर बसला.
पहिल्या दिवशी सगळे माना वर करून उभे.
धुराड्याच्या तोंडाशी नुसती थरथर,
तापलेल्या पत्र्यावर हवा हलते तेवढीच.
आप्पांना वाटलं, भट्टी विझली.
खाली पिशवीत काळी मऊ पूड
संध्याकाळपर्यंत अकरा किलो.
त्यांनी चिमूटभर घेतली, बोटांत चोळली,
बराच वेळ चोळत राहिले.
"रोज एवढं?"
मग हात धुवायला गेले. धुऊन आले, पुन्हा गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी फाटकाबाहेर.
मावशींनी दुधावर ताट ठेवलं,
फडका पिळून पसरला.
म्हटलं, "आता कशाला, मावशी? धूर गेला की."
हाउसिंग दोन्ही हातांनी उचलत त्या म्हणाल्या,
"व्हय, काल बघितलं म्या बी.
पर तुमच्या त्या कागदाची मुदत कवापातूर हाय?"

मी तारीख सांगितली.
त्यांनी फडक्याची एक दुमडलेली कड सारखी केली
आणि वजन ठेवलं.